बावाचा १९६४ चा 'सेई दोन्ने पेर लास्सासिनो': लोकांनी उचललं काय आणि राहिलं काय?

आडवी_सावली
इटालियन दिग्दर्शक मारिओ बावाचा 'सेई दोन्ने पेर लास्सासिनो' इंग्रजीत 'ब्लड अँड ब्लॅक लेस' या नावाने ओळखला जातो. इटालियन नावाचा सरळ अर्थ 'खुन्यासाठी सहा बायका'. रोममधलं एक फॅशन हाउस. तिथल्या एका मॉडेलचा खून होतो, तिची लाल डायरी सापडते, आणि मग ती डायरी जिच्या हाती पडेल तिची पाळी. कथा एवढीच. दीड तासाच्या आत खेळ खलास.

या सिनेमाच्या प्रभावाबद्दल जिथे वाचावं तिथे तीच यादी असते: काळे हातमोजे, काळा रेनकोट, काळी हॅट, चेहऱ्यावर नाकडोळे झाकणारं पांढरं फडकं. माझ्या मते हा नुसता कपडेपट झाला. कपडेपट भाड्याने मिळतो, त्यामुळे तो सगळ्यांनी उचलला. बावाची शैली आहे प्रकाशात, आणि ती फार थोड्यांना पेलली.

पटतंय का? नसेल तर का? आणि तो प्रकाश नेमका केलाय कसा, हे कुणी तपशिलात सांगू शकेल का?

पहिलीघंटा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शेवट फोडणाऱ्यांनी आधी शिट्टी मारावी.

पान_१७
असल्या इटालियन खुनी सिनेमांना जे नाव आहे, giallo, त्याचा घोळ आधी मिटवू. उच्चार 'जाल्लो', अनेकवचन 'जाल्ली'. 'गियालो' नव्हे. अर्थ पिवळा. मोंदादोरी या प्रकाशनाने १९२९ पासून रहस्यकथांची माला काढली, तिची मुखपृष्ठं पिवळी होती, म्हणून इटलीत रहस्यकथेलाच पिवळी म्हणायला लागले. त्यात बहुतेक अनुवादच: व्हॅन डाइन, वॉलेस, ख्रिस्ती. आजही इटालियन माणसाला जाल्लो म्हणजे कुठलीही खुनाची गोष्ट. 'हातमोजे, वस्तरा आणि भडक रंग' हा अर्थ बाहेरच्या चाहत्यांनी चिकटवला.

कोकमकढी
म्हणजे इटलीत आजी नातवाला सांगू शकते, 'बाळा, माझं पिवळं पुस्तक आण रे.' आपल्याकडे हे वाक्य म्हणून बघा.

पान_१७
@कोकमकढी, =)) आपल्याकडे पिवळ्याचं खातं वेगळं. पण माल तसाच होता: स्वस्त कागद, एका बैठकीत संपणारी गोष्ट, लायब्ररीत रोजच्या भाड्याने. बाबुराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांचा वाचक आणि मोंदादोरीचा वाचक शेजारी बसले असते तर पाच मिनिटांत गप्पांना लागले असते.

तिरपा_कटाक्ष
धागाकर्त्याशी असहमत. पहिला जाल्लो म्हणून मान द्यायचाच तर तो बावाच्याच आदल्या वर्षीच्या 'ला रागात्सा के सापेव्हा त्रोप्पो'ला द्या. १९६३, कृष्णधवल, लेतिसिया रोमान आणि जॉन सॅक्सन. नायिका विमानात पिवळी रहस्यकथा वाचत रोमला येते, पहिल्याच रात्री म्हातारी नातलग मरते, मदत आणायला बाहेर पडते तर स्पॅनिश स्टेप्सवर चोर डोक्यात मारतो, आणि अर्धवट शुद्धीत तिला पाठीत सुरा खुपसलेली बाई दिसते. सकाळी पायऱ्या स्वच्छ. कुणी विश्वास ठेवत नाही.

या जातीच्या सिनेमाचं इंजिन इथेच बसवलंय: परक्या शहरातला माणूस, डोळ्यांदेखत घडलेला गुन्हा, आणि आपण पाहिलेलं नीट उलगडत नाही ही टोचणी. इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोने १९७० मध्ये 'पिंजऱ्याच्या काचेमागे' जे केलं ते याच इंजिनावर. यात प्रकाशाचा काय संबंध?

दुसरं. 'सेई दोन्ने' ही इटली-फ्रान्स-पश्चिम जर्मनी अशी तिघांची निर्मिती आहे. जर्मनीत १९५९ पासून एडगर वॉलेसच्या कथांवरच्या 'क्रिमी' सिनेमांची चलती होती. त्या प्रेक्षकाला धुकं, मुखवटा आणि इन्स्पेक्टर लागायचे. इथला इन्स्पेक्टर सिल्व्हेस्त्री म्हणूनच जर्मन नट, थॉमस रायनर. मुखवटाही तिकडच्याच चवीचा. बावाचं श्रेय मोठं आहे, पण शून्यातून काही आलेलं नाही.

आडवी_सावली
@तिरपा_कटाक्ष, पिंजरा आणि काच वेगळ्या! 'क्रिस्टलच्या पिसांचा पक्षी' हे सिनेमाचं नाव, पिंजरा त्या पक्ष्याचा, आणि नायक अडकतो आर्ट गॅलरीच्या दोन काचांच्या दारांमध्ये. बाकी क्रिमीचा मुद्दा मान्य. पण क्रिमीत इन्स्पेक्टर जिंकतो. 'सेई दोन्ने'तला इन्स्पेक्टर सगळ्या पुरुषांना एकदम कोठडीत टाकतो, बाहेर खून होतो, आणि त्याच्या तर्कशास्त्राचा तिथेच निकाल लागतो. कोड्यात बावाला रस नव्हता.

तिरपा_कटाक्ष
पक्ष्याचं मान्य, घाईत लिहिलं. पण कोड्यात रस नव्हता म्हणता आणि सगळ्यांना आत टाकल्यावर खून होतो यावरच अख्खं कोडं उभं आहे. पुढे शिट्टी मारल्याशिवाय बोलता येणार नाही.

टंगस्टन
प्रकाशाबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर.

बावा मुळात छायाचित्रकार. वडील एउजेनिओ मूकपटांच्या काळातले कॅमेरा आणि ट्रिकवाले. दिग्दर्शक म्हणून स्वतःच्या नावाचा पहिला सिनेमा १९६० चा 'ला मास्केरा देल देमोनिओ', तोवर वय पंचेचाळीसच्या पुढे. 'सेई दोन्ने'वर कॅमेरामन म्हणून उबाल्दो तेर्झानोचं नाव आहे, पण रचना बावाच्या डोळ्याची आहे हे आधीचे-नंतरचे सिनेमे शेजारी ठेवले की कळतं.

त्या काळची ईस्टमनची रंगीत निगेटिव्ह, १९६२ ची ५२५१, प्रकाशाची संवेदनशीलता फक्त ५० एएसए. सेकंदाला २४ फ्रेम आणि भिंग एफ २.८ इतकं उघडं ठेवून नीट एक्स्पोजर हवं तर २०० फूटकँडल प्रकाश लागतो. आता दिव्यापुढे गडद लाल जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावा. त्यातून जेमतेम दहावा भाग प्रकाश पलीकडे जातो, म्हणजे सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) खलास. गडद निळ्यात चार-पाच स्टॉप. लाल रंग मुख्य प्रकाशाच्या बरोबरीला आणायचा तर उघड्या दिव्याचा दोन हजार फूटकँडल पाहिजे. सेटवर माणसं भाजतील.

म्हणून रंग मुख्य प्रकाशाच्या खाली ठेवायचा, दीड ते दोन स्टॉप. यात दुहेरी फायदा. दिवा परवडतो, आणि कमी एक्स्पोजरमध्ये रंग गडद, भरीव येतो. जास्त एक्स्पोज केलेला लाल गुलाबी-फिकट होतो, लग्नाच्या मांडवासारखा.

आता मांडणी. सर्वसाधारण छायाचित्रकार काय करतो? मुख्य दिवा, मग सावली फार काळी पडू नये म्हणून मंद पांढरा भरणा, मग मागून कडा. बावाने हा पांढरा भरणाच काढून टाकला. सावलीत रंग भरला. चेहऱ्याच्या एका बाजूला साधा, जरा ऊबदार प्रकाश, दुसऱ्या बाजूला जांभळा किंवा लाल, मागच्या भिंतीवर हिरवा, आणि या सगळ्यांच्या मध्ये ठार काळे पट्टे. ते काळे पट्टे फार महत्त्वाचे. रंग एकमेकांत मिसळले की चिखल होतो. लाल आणि हिरवा एकाच भिंतीवर पडले की पिवळट-तपकिरी डाग. काळ्या कापडाने, फ्लॅगने प्रत्येक दिवा आपापल्या हद्दीत बांधून ठेवायचा. हे काम दिवा लावण्यापेक्षा वेळखाऊ आहे, आणि नकलाकार नेमकं हेच टाळतात.

विंगेतला
+१. 'काळ्या पट्ट्यां'वर दहा मार्क. रंगमंचावरही हीच बोंब असते. चार रंगांचे स्पॉट एकदम वर नेले की नटाच्या तोंडावर उरतो मळकट पांढरा.

अवांतर: गडद निळं-जांभळं जिलेटिन सगळ्यात आधी जळतं, कारण ते बहुतेक प्रकाश गिळून गरम होतं. हजार वॅटच्या हॅलोजनपुढे मध्यभागी पांढरं पडत जातं, मग भोक. उपाय जुनेच: कागद काचेला चिकटवू नका, चार बोटं लांब फ्रेममध्ये लावा, टाचणीने बारीक छिद्रं पाडा म्हणजे गरम हवा निघते आणि कागद गोळा होत नाही, आणि तालमीत तो दिवा विनाकारण पेटता ठेवू नका.

लेकुरवाळी
टंगस्टन, प्रतिसाद आवडला. वाखुसा (वाचनखूण साठवली). पण एक मूलभूत शंका. जुन्या वस्तूंच्या दुकानात जांभळा दिवा कुठून आला? खोलीत तसा दिवा दिसत तरी पाहिजे ना?

टंगस्टन
@लेकुरवाळी, शंका बरोबर आहे आणि उत्तर त्याच प्रसंगात आहे.

निकोल रात्री दुकानात येते. दुकान अंधारं. बाहेरून कुठलीशी दिव्याची पाटी उघडझाप करतेय असं आपण गृहीत धरतो, कारण प्रकाश ठराविक लयीत येतो-जातो. बावाने दिलेलं कारण एवढंच. त्या एका उघडझापीच्या आडोशाने तो खोलीभर वाटेल ते रंग पसरतो, आणि कुणी हिशेब मागत नाही. चिलखतं, मूर्ती, झुंबरं यांच्यामधून ती चालते, कॅमेरा सोबत सरकतो, आणि दर पावलाला तिच्या अंगावरचा रंग बदलतो. संवाद जवळपास नाहीच.

लय बघा. उजेड असतो तेव्हा कोपरा रिकामा दिसतो. अंधार होतो. पुन्हा उजेड. आपण प्रत्येक अंधारात मनातल्या मनात कोपरा तपासतो. धक्का देण्याआधीचं सगळं काम प्रेक्षकाकडूनच करून घेतलंय. खुनी शेवटी येतो तो काटेरी लोखंडी पंजा घेऊन, पण तोवर आपण अर्धे मेलेले असतो.

उघडझापीत गडबड कुठे होते तेही सांगतो. फिलामेंटचा मोठा दिवा बंद केला की झटकन विझत नाही, तार लाल होत होत विझते. खटका दाबून लय काढायला गेलात तर कडा मऊ येते आणि रंगही घसरतो. दिवा पेटता ठेवून पुढे पुठ्ठा आडवा-उभा केला की कडा धारदार येते. पुठ्ठा धरणाऱ्याने आकडे मोजायचे, नाहीतर संकलनात दोन शॉटची लय जुळत नाही.

रबरी_चाक
कॅमेरा सरकण्याबद्दल. यातला नट कॅमेरॉन मिचेलने मुलाखतीत सांगितलंय की ट्रॉलीसाठी पैसे नव्हते म्हणून बावाने लहान मुलांची खेळण्यातली गाडी वापरली, आणि क्रेनऐवजी सी-सॉसारखी फळी: एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला माणसांचं वजन. किस्सा म्हणून सगळे हसतात, पण हे चालतं का याची कारणं साधी आहेत.

एक, गुळगुळीत फरशी. व्हिलातल्या संगमरवरावर रबरी चाक सुरेख पळतं, मोझॅकच्या सांध्यांवर धडधडतं. दोन, वाइड लेन्स. तिच्यावर हलका थरथराट कळत नाही, लांब लेन्सवर तोच दहापट दिसतो. तीन, सर्वात महत्त्वाचं, आवाज. इटलीत तेव्हा संवाद सेटवर टिपतच नव्हते, सगळं नंतर डबिंगला. चाक कुरकुरलं, कॅमेरा खडखडला, दिग्दर्शक शॉट चालू असताना 'डावीकडे, डावीकडे, आता वळ' ओरडला, काही बिघडत नाही. आज सिंक साउंडवर, म्हणजे सेटवरच आवाज टिपताना, तीच गाडी घेऊन गेलात तर साउंडवाला पहिल्या टेकला घरी जाईल.

फळीच्या क्रेनबद्दल इशारा: कॅमेऱ्याच्या टोकावरून माणूस आधी उतरला तर दुसरं टोक जमिनीला आपटतं आणि कॅमेरा छताला. वजन आधी काढायचं, माणूस नंतर. जोडी मोडू नये म्हणून दोन्ही टोकांना एकेक जण हात लावून उभा.

पहिलीघंटा
खेळण्यातली गाडी दिली नाही म्हणून ते पोर किती रडलं असेल.

तिरपा_कटाक्ष
डबिंगचा मुद्दा रोचक. इंग्रजी आवृत्तीत तर बऱ्याच पुरुषांचे आवाज एकट्या पॉल फ्रीसने दिलेत. सगळे संशयित एकाच गळ्याने बोलतात, त्यामुळे आवाजावरून खुनी ओळखायचा प्रश्नच मिटला. हे मात्र शैलीत धरू नका, काटकसर होती.

शेवंता_नाही
इतका वेळ सगळे दिव्यांवर लट्टू आहेत म्हणून विचारते. सहा बायका मारल्या जातात. एकीचा चेहरा तापलेल्या शेगडीला टेकवला जातो. एकीचा चेहरा झाडावर आपटला जातो. एकीला बाथटबमध्ये बुडवून मनगटं कापतात. आणि हे सगळं देखणं करून दाखवलंय. खुनाच्या आधी त्या बायकांबद्दल आपल्याला काय कळतं? कुणाचं कर्ज, कुणाचं व्यसन, कुणाचं लफडं. बस. या सिनेमाचा सगळ्यात टिकाऊ प्रभाव हाच आहे: बाईचं मरण हा सजावटीचा विषय झाला. जिलेटिन किती स्टॉपचं हा नंतरचा प्रश्न.

आडवी_सावली
@शेवंता_नाही, मुद्दा टाळता येणार नाही. बचाव म्हणून एवढंच: सिनेमाला हे ठाऊक आहे असं मला वाटतं. सुरुवातीची नामावली बघा. नट-नट्या पुतळ्यांसारखे स्तब्ध उभे, शेजारी खरे पुतळे, दोघांवर तेच रंगीत दिवे, वर कार्लो रुस्तिकेल्लीचं आळसावलेलं जॅझ. माणूस आणि कपडे टांगायचा सांगाडा यांत या धंद्याला फरक दिसत नाही, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकलंय. लाल पुतळे पुढेही सतत चौकटीत येत राहतात.

शेवंता_नाही
ठाऊक असणं आणि त्याविरुद्ध असणं यात फरक आहे. पुतळ्यांची उपमा मला दिसली. त्या उपमेचा उपयोग पुतळे आणखी सुंदर दिसावेत म्हणूनच झालाय. फॅशन शोचा प्रसंग त्यापेक्षा प्रामाणिक वाटतो: हँडबॅग टेबलावर, आत डायरी, मॉडेल येता-जाता तिच्यावर नजर टाकतात, आणि त्या मंडळींमध्ये प्रत्येकाला काहीतरी लपवायचंय हे एका वस्तूवरून कळतं. तिथे रक्त नाही आणि तोच सिनेमातला सर्वात ताणलेला भाग आहे.

तिरपा_कटाक्ष
हँडबॅगबद्दल बाडीस (बाय डीफॉल्ट सहमत).

पान_१७
प्रभावाची यादी थोडी नीट लावू, कारण लोक दोन वेगळे वारसे एकत्र करतात.

पहिला, इटलीतला. 'सेई दोन्ने'नंतर लगेच लाट आली नाही. लाट आली आर्जेंतोच्या १९७० च्या पक्ष्यानंतर, आणि मग १९७१ साली सिनेमांच्या नावांचं प्राणिसंग्रहालयच उघडलं: नऊ शेपटांचं मांजर, राखाडी मखमलीच्या चार माश्या, विंचवाची शेपूट, बाईच्या कातडीतला सरडा, काळ्या पोटाचा कोळी. हातमोजे बऱ्याच ठिकाणी आहेत. रंगांचा वारसा मात्र आर्जेंतोने घेतला तो १९७७ च्या 'सुस्पिरिया'त, म्हणजे ज्यात रहस्य कमी आणि जादूटोणा जास्त. १९८० च्या 'इन्फर्नो'त तर काही ट्रिक शॉट खुद्द बावाने करून दिले. त्याच वर्षी तो गेला.

दुसरा, अमेरिकेतला. तो मुख्यतः बावाच्याच १९७१ च्या 'रेआत्सिओने अ कातेना'तून गेला: तळ्याकाठचं घर, धडाधड खून. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या दुसऱ्या भागात पलंगावरच्या जोडप्याला भाल्याने आरपार करतात ते तिथूनच जवळपास शॉटनिशी.

आणि स्पॅनिश दिग्दर्शक आल्मोदोव्हार. 'मातादोर'च्या सुरुवातीला नायक टीव्हीवर जे बघत असतो त्यात 'सेई दोन्ने'तले तुकडे आहेत. म्हणजे @शेवंता_नाही यांनी जो आरोप केला तोच त्याने १९८६ साली पडद्यावर मांडून ठेवलाय.

विंगेतला
शिट्टी! शिट्टी! शेवट फोडतोय, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

खुनी दोघं आहेत. एक कोठडीत असताना दुसऱ्याने खून केला की पहिला सुटतो. मुखवट्याचा खरा उपयोग हा आहे: नुसती ओळख लपत नाही, एकाच पोशाखात दोन माणसं मावतात. १९९६ च्या 'स्क्रीम'ने ही युक्ती जशीच्या तशी वापरली. म्हणून कपडेपटाला इतकं तुच्छ लेखू नका. इथे कपडेपटच कथानक आहे.

आडवी_सावली
हे मात्र मान्य. माझ्या मूळ वाक्यातून 'नुसता' काढून टाकतो.

कोकमकढी
रामसे बंधूंचं नाव अजून कसं नाही आलं? निळं धुकं, हिरवी भिंत, लाल खिडकी. 'पुराना मंदिर', 'वीराना'.

टंगस्टन
साम्य दिसतं, पण साम्य म्हणजे वारसा नव्हे. थोडक्या पैशांत, छोट्या सेटवर, भिंतीचं पोपडं लपवायचं असेल तर जगात कुणीही रंगीत दिवा आणि धुराकडेच वळतो. फरक सांगायचा तर रामसेंकडे रंग बहुतेक वेळा भुताच्या बाजूने येतो: निळं झालं की समजायचं आता काहीतरी निघणार. बावाकडे खून नसतानाही खोली तशीच असते. टेलिफोनवर बोलणाऱ्या बाईच्या मागेही हिरवा आहे.

नवभरती
धागा जबरी चाललाय. एका शॉर्टफिल्मसाठी असा प्रकाश हवाय. साधा मिररलेस कॅमेरा, तीन आरजीबी एलईडी. चाचणीत लाल भागात चेहरा सपाट लाल गोळा दिसतो, डोळे-नाक गायब, कडांना चौकडे. काय चुकतंय?

टंगस्टन
@नवभरती, तीन गोष्टी एकदम चुकतायत.

शुद्ध लाल प्रकाशात सेन्सरचे फक्त लाल चौकोन काम करतात, म्हणजे एकूण चौकोनांच्या चौथाई. तपशील तिथेच उतरतो. त्यात ८ बिट ४:२:० फाइल असेल तर रंगाची माहिती आणखी पातळ होते, म्हणून चौकडे. आणि तिसरं, तुम्ही एकूण उजेडाचा हिस्टोग्राम बघताय. तो मधे दिसतो आणि लाल चॅनेल मात्र केव्हाच डोक्याला लागलेला असतो. डोक्याला लागला की नाकाची सावली कुठून दिसणार?

करायचं असं. १० बिट ४:२:२ असेल तर तेच निवडा. तीन रंगांचे वेगवेगळे आलेख दाखवणारी परेड लावा आणि लाल ७० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा तुमचा रंग 'दुरुस्त' करत बसेल, ३२०० किंवा ४३०० वर बांधून टाका. एलईडीवर लाल १०० टक्के भरू नका, दहा-पंधरा टक्के पांढरा मिसळा म्हणजे इतर दोन चॅनेलना चेहरा दिसतो. निळ्यालाही तेच, नाहीतर तो फाइलमध्ये भलताच जांभळा होतो.

आणि मुख्य म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूला साधा ऊबदार प्रकाश ठेवा, अगदी चिंचोळा का असेना. डोळ्याला तुलनेसाठी काहीतरी 'खरं' लागतं. सगळंच लाल केलं की दोन मिनिटांत डोळा सरावतो आणि लाल दिसेनासा होतो. पात्र भिंतीपासून किमान दोन मीटर पुढे घ्या, नाहीतर पुढचा दिवा मागची हिरवी भिंत धुऊन टाकतो. हिरवा चेहऱ्यावर नको, आजारी दिसतो. तो भिंतीचा रंग.

दिवे छोटे आहेत म्हणून घाबरू नका. आयएसओ (जुनं एएसए) ८०० ला एफ २.८ वर साडेबारा फूटकँडल पुरतात. बावाला सोळापट लागायचा.

नवभरती
धन्यवाद! ऑटोवरच होतं :(

काचेचा_कागद
एक पुरवणी. बावाचे रंग नकलायचे तर कुठली प्रत बघताय ते तपासा. जुन्या ईस्टमन प्रिंटमधला निळसर-हिरवा रंजक आधी उडतो आणि सगळं गुलाबी-किरमिजी होतं. कित्येक वर्षं व्हिडिओवर तसल्या प्रती फिरत होत्या, आणि 'बावा म्हणजे गुलाबी' असा समज झाला. निगेटिव्हवरून केलेल्या नव्या प्रतीत काळा खरोखर काळा आहे आणि हिरवा जागेवर. चौकटही १.६६ ची (रुंदी उंचीच्या १.६६ पट) हवी. रुंद करून वरून-खालून कापलेली प्रत असेल तर झुंबरं आणि फरशी दोन्ही गेली.

आणि 'सुस्पिरिया'चे रंग त्याच कृतीने येतील असं समजू नका. तिथे कॅमेरामन तोव्होलीने दिव्यांपुढे रंगीत मखमल आणि कापड नटांच्या अगदी जवळ धरलं, आणि प्रिंट टेक्निकलरच्या रंग-छपाईने काढल्या. तो रंग भिंतीसारखा अंगावर येतो. बावाचा रंग कोपऱ्यात बसून असतो.

विंगेतला
बावाची कृष्णधवलातली युक्तीही सांगून ठेवतो, कारण रंगांशी त्याचं नातं तिथून सुरू होतं. दिग्दर्शक फ्रेदाचा १९५७ चा 'इ व्हाम्पिरी', कॅमेऱ्यावर बावा. एकाच शॉटमध्ये, कट न घेता, तरुण बाई म्हातारी होते. सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या. लाल प्रकाशात त्या त्वचेत विरून जातात. प्रकाश हळूहळू हिरव्याकडे नेला की त्याच रेषा काळ्या उमटतात. फिल्म कृष्णधवल, त्यामुळे प्रकाशाचा रंग बदललाय हे प्रेक्षकाला कळतच नाही. अट एकच: दोन्ही दिव्यांची एकूण उजळणी सारखी राहिली पाहिजे, नाहीतर चेहरा उजळताना किंवा मंदावताना दिसतो आणि बिंग फुटतं. युक्ती बावाच्या आधीची आहे, हॉलिवुडने १९३१ च्या 'जेकिल अँड हाइड'मध्ये वापरलेली.

म्हणजे ज्या माणसाने आधी रंग दिसू नये म्हणून रंग वापरला, त्याच्या हाती रंगीत फिल्म आली.

तिरपा_कटाक्ष
या शेवटच्या वाक्यापुढे माझं १९६३ चं घोडं थोडं मागे घेतो. इंजिन 'रागात्सा'चं, हे अजूनही म्हणतो. पण 'रागात्सा' पाहून घरी गेल्यावर कथा आठवते, आणि 'सेई दोन्ने'ची कथा दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही, खोल्या मात्र आठवतात. धागाकर्त्याचा मूळ प्रश्न हाच होता बहुतेक.

शेवंता_नाही
खोल्या आठवतात आणि बायकांची नावं नाही. माझाही मुद्दा तोच होता.

आडवी_सावली
दोघांचंही घेतो. एक गोष्ट आज पुन्हा पाहताना दिसली ती टाकतो. पहिल्या शॉटला वादळात फॅशन हाउसची पाटी हलतेय. तिची एक साखळी तुटते, पाटी लोंबकळते आणि मागची इमारत दिसते. शेवटच्या शॉटला लाल टेलिफोनचा रिसीव्हर हातातून सुटलाय आणि वायरवर लोंबकळतोय. दोन्हींत माणूस नाही.

रबरी_चाक
रिसीव्हरचा झोका बघा, किती वेळ मंदावत नाही. चौकटीच्या वर कुणीतरी वायर धरून हळूच हलवत बसलं असणार.